भरल्या टबाचा सांधा

गफूर मिस्त्रीने उभ्या आयुष्यात सांध्याला चिकटपट्टी लावली नाही. आजकालचे मिस्त्री टबाच्या काठावर एक पट्टी लावतात, वर भिंतीला दुसरी, मधे सिलिकॉन सोडतात, प्लास्टिकचा तुकडा फिरवतात, आणि पट्ट्या ओढून काढल्या की सरळ रेघ निघाली म्हणून स्वतःवरच खूश होतात. गफूर हे बघून नाक मुरडायचा. त्याचं सामान म्हणजे सिलिकॉनची गन, एक धारदार पातं, साबणाच्या पाण्याची वाटी आणि उजव्या हाताचं पहिलं बोट. बोट साबणात बुडवून तो सांध्यावरून एका दमात फिरवायचा. भिंत कुठे आत गेलीय, टबाचा काठ कुठे उचललाय, आत कुठे पोकळ राहिलंय, हे त्या बोटाला आधी कळायचं आणि गफूरला मागाहून. नंदुरबारात टाइल्सच्या दुकानांतून कुणी बाथरूम गळतं म्हणून रडगाणं गायला लागलं, की दुकानदार सांगत, बाकी कुणी नको, गफूरचं बोट बोलवा.

माणसाला नव्हे, बोटाला बोलावणं यायचं. गफूरला त्याचा अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही. एकसष्ट वर्षांचा, काटकुळा, दाढीला मेंदी लावणारा हा माणूस बोलायला तसा कमीच. पण सांध्याचा विषय निघाला की समोरच्याचा चहा निवून जायचा.

दोन वर्षांपूर्वी ते बोट गेलं. तुटलं नाही, कापलं नाही, जागच्या जागी राहून गेलं. सुरुवात पायांपासून झाली. अनवाणी चालताना पायांत मोजे घातलेत असं वाटायचं. मग एके दिवशी मगरिबच्या नमाजनंतर तो तसबीह घेऊन बसला आणि मणी किती सरकले ते त्याला कळेना. अंगठा हलत होता, दोरा हलत होता, मण्यांची मात्र काही खबर नाही. त्याने तसबीह खिशात ठेवली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागला. तेही डोळ्यांनी बघून. डॉक्टरने साखर निघाली म्हणून सांगितलं, बरीच जुनी असणार म्हणाला, नसा मेल्यात म्हणाला. परत येतील का, असं गफूरने विचारलं. डॉक्टर गोळ्या लिहीत होता, तो लिहीतच राहिला.

घरी येऊन त्याने बायकोला, अख्तरबानोला, साखरेचं तेवढं सांगितलं. तिने चहातली साखर बंद केली, भात कमी केला आणि विषय संपवला. बोटांचं त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? दुखतंय म्हणावं तर दुखत नव्हतं. रडू येईल असंही काही वाटत नव्हतं. तो जेवत होता, नमाजला जात होता, कामावर जात होता, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं त्याला वाटायचं. धाकटी पोरगी अतिका तळोद्याला सासरी गेली तेव्हा घरातली सगळी ओक्साबोक्शी रडली. गफूर मांडवाच्या खुर्च्या मोजून घेत होता. अख्तरबानो म्हणाली, तुम्ही सुन्न झालात. तो हो म्हणाला.

एकदाच काय ते हललं. मुलाच्या, जाकीरच्या घरी तमन्ना झाली. चाळीस दिवसांची ती पोर कुणीतरी त्याच्या मांडीवर ठेवली. गफूरने बोट तिच्या गालाला लावलं आणि काहीच लागलं नाही. हवेला हात लावावा तसं. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग मनगट उलटं करून गालाला टेकवलं, आणि तिथे ती होती. कोवळी, गरम, जरा ओलसर. मनगटाला अजून कळत होतं. तेव्हापासून तो नातीला मनगटानेच कुरवाळायचा. आजोबा खरखरीत बोटं लागू नयेत म्हणून जपतो, असं घरातल्यांना वाटलं. त्याने ते तसंच वाटू दिलं.

काम तो आता डोळ्यांनी करायचा. सांध्याच्या कडेला टॉर्च आडवी ठेवायची आणि ओल्या सिलिकॉनवरची चमक वाकडी होते का ते बघत बोट ढकलायचं. बोट आता त्याच्यासाठी प्लास्टिकचा तुकडाच झालं होतं. पट्टीवाल्या मिस्त्रींना नावं ठेवताना हे त्याच्या मनात येई, आणि तो जरा जास्तच नावं ठेवी. दोन सांधे सुटले. एक त्याने गुपचूप दुरुस्त केला. दुसऱ्या घरमालकाने थेट जाकीरला गाठलं, कारण जाकीरचं नळ-फरशीचं दुकान होतं आणि टबही तिथूनच गेला होता.

जाकीर वाईट मुलगा नाही. तो बापावर ओरडला नाही. दुकानात खुर्ची आहे, पंखा आहे, गिऱ्हाईक तुमचं नाव काढतच येतं, तिथे बसा, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. पंधरा दिवस रोज म्हणत राहिला. गफूरला खुर्चीचा राग नव्हता. पण खुर्चीवर बसलेला गफूर कोण, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्या बापाचं नाव मशिदीच्या रजिस्टरमध्ये होतं, घर भावाच्या नावावर होतं. त्याचं स्वतःचं असं जे काही जगात होतं ते लोकांच्या न्हाणीघरांतून, भिंत आणि टब यांच्या मधे, करंगळीएवढ्या रुंदीत भरलेलं होतं. शेवटी एका जुम्याच्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "सारंगखेडाना टब मी करस. पानी झिरपनं तं गन तुन्हा दुकानमा ठी दिसू आनि खुर्चीवर बठसू. नही झिरपनं तं पुन्हा हाई गोट काढानी नही."

गळलं तर बाप खुर्चीवर, नाही गळलं तर खुर्चीचा विषय बंद. जाकीरने कबूल केलं. अख्तरबानो दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. ही पैज लागली, आणि गफूरला किती तरी दिवसांनी भूक लागल्यासारखी लागली.

सारंगखेड्याचा टब म्हणजे जाकीरच्या दुकानात गाऱ्हाणं घेऊन आलेल्या हेमकांतच्या बंगल्यातला. गुजर शेतकऱ्याचं घर, तापीकाठची जमीन, केळी आणि ऊस. त्याच्या आईचे, शांतीबाईचे गुडघे गेलेले. घोड्यांच्या बाजाराच्या दिवसांत दत्ताच्या देवळात चालत जाणारी बाई खाटेवरून न्हाणीपर्यंत जायलाही भिंत धरू लागली, तेव्हा सुरतेच्या डॉक्टरने सांगितलं की रोज अर्धा तास गरम पाण्यात बसवा. हेमकांतने आईच्या खोलीला लागून न्हाणी बांधली आणि टब बसवला. म्हातारी आधी लाजली. पाण्यात म्हशीसारखं बसून राहायचं म्हणजे काय, असं म्हणाली. मग गुडघे सैल पडायला लागले आणि तीच वेळ झाली का म्हणून विचारायला लागली. पण टब आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी आत जायला लागलं. खोलीची भिंत फुगली, पोपडे सुटले, खाटेजवळची फरशी ओली राहू लागली. शहाद्याच्या मिस्त्रीने सांधा भरला, तो तीन आठवड्यांत सुटला. सुरतेच्या मिस्त्रीने भरला, तो महिना टिकला. आता महिनाभर टब कोरडा होता आणि म्हातारीचे गुडघे पुन्हा आवळून बसले होते.

हे ऐकून गफूरला तिथे जायच्या आधीच कळलं होतं की काय चुकलंय. त्याचंही तेच चुकलेलं होतं, वीस वर्षांपूर्वी, स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये. पाच खोल्या, पाच टब, पाची सांधे त्याने मन लावून भरले आणि पंधरा दिवसांत पाची सुटले. मालकाने आईबाप काढले. गफूर दिवसभर एका रिकाम्या टबासमोर बसून राहिला. मग त्याने कागदाचा कपटा टब आणि भिंत यांच्या फटीत सरकवला. कपटा घट्ट बसला. टब पाण्याने भरला, लॉजच्या जाड्या आचाऱ्याला त्यात बसवलं, आणि कपटा आपोआप खाली पडला. टब वजनाने दबतो. रिकाम्या टबाचा सांधा भरला, की माणूस आंघोळीला बसताच तो ताणला जातो आणि फाटतो. तेव्हापासून गफूरची रीत ठरली. घरात रोज जसा भरतात तसा टब आधी भरायचा, रोज बसणाऱ्या माणसाइतकं वजन आत ठेवायचं, मग सांधा भरायचा, आणि सिलिकॉन सुकेपर्यंत एक दिवस पाणी तसंच राहू द्यायचं. लोक हसायचे. कोरड्या जागेत लावायची वस्तू हा माणूस पाण्यात उभा राहून लावतो म्हणायचे. पण गफूरचे सांधे टिकायचे.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी सकाळी जाकीरने त्याला मोटारसायकलवर घेतलं. वाटेत रनाळ्याला चहा झाला. ऊन तेव्हाच तापायला लागलं होतं. सारंगखेड्यात हेमकांत फाटकाशीच भेटला. केळीची गाडी भरायची होती म्हणून तो शेतात निघाला होता. घरात त्याची बायको सीमा आणि आई. जाकीर पुढे शहाद्याला दुकानाच्या कामासाठी गेला, तिसऱ्या प्रहरी घ्यायला येतो म्हणाला. जाताना त्याने बापाकडे एकदा वळून बघितलं.

सकाळ जुना सांधा काढण्यात गेली. सुरतेच्या मिस्त्रीने शहाद्यावाल्याच्या सिलिकॉनवरच आपलं सिलिकॉन फासलं होतं. गफूरने पात्याने सगळं खरवडून काढलं, फट कोरडी केली, कपड्याने पुसली, पुन्हा पुसली. पातं धरलेल्या हाताकडे तो सारखं लक्ष ठेवून होता, कारण पातं बोटात शिरलं तरी त्याला रक्त दिसल्यावरच कळणार होतं. शांतीबाई न्हाणीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, पदर डोक्यावर, काठी मांडीवर. आपल्या टबाचं काय चाललंय हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. मधूनच ती विचारी, आज बसता येईल का? उद्या, असं गफूर सांगे. ती मान हलवी आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारी.

वजनाचा प्रश्न आला तेव्हा जरा गंमत झाली. मोठ्या मायचं वजन किती, असं गफूरने सीमाला हळू आवाजात विचारलं. सीमाने त्याहून हळू आवाजात सांगितलं. शांतीबाईने बाहेरून मोठ्याने सांगितलं की पाच किलो कमी सांगू नको. गफूर स्वतः जेमतेम पंचावन्न किलोचा. म्हणून मागच्या अंगणातला जुना दगडी पाटा आणला, खाली गोणपाट घालून टबात ठेवला, म्हणजे गफूर आत उभा राहिला की म्हातारीचं वजन पुरं होणार होतं. सीमा हसली. किती तरी दिवसांनी या घरात टबाच्या निमित्ताने कुणी हसलं असेल.

मग पाणी भरायचं. गफूरने सांगितलं, रोज जसं भरता तसंच भरा. सीमा रोज भरायची ती अशी: गच्चीवरच्या सोलरचा नळ आधी पूर्ण सोडायचा, टब भरत आला की हात घालून बघायचं आणि सोसेल इतकं गार पाणी मिसळायचं. एप्रिलच्या उन्हात सोलरचं पाणी म्हणजे चुलीवरून उतरवलेलं पाणी. तिने सवयीने सोलरचा नळ सोडला. टब भरत आला. ती नळ बंद करून उभी राहिली. मिस्त्रीला किती गरम लागतं ते मिस्त्रीनेच सांगावं असा तिचा सरळ हिशोब. ती म्हणाली, "चाचा, दखा बरं हात घालीसन. ठंडं टाकू का आजून?"

गफूरने हात पुढे केला. पाणी कसं आहे हे त्याच्या बोटांना कळणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मनगट बुडवलं असतं तर लगेच कळलं असतं. पण मनगटावर बायका बाळाचं दूध बघतात. मिस्त्रीने बोटं सोडून मनगट बुडवलं तर सीमा विचारील, चाचा, असं का? आणि मग सांगावं लागेल. सीमाने हेमकांतला सांगितलं की हेमकांत जाकीरला सांगणार. हे सगळं त्याच्या मनात एका क्षणात येऊन गेलं. त्याने चार बोटं पाण्यात बुडवली, जरा फिरवली, जाणत्यासारखी मान हलवली.

"बरोबर शे. ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

सीमाला नवल वाटलं, पण ज्याच्या बोटाची एवढी ख्याती त्याला आपण काय शिकवणार? सिलिकॉनला गरम पाणी लागत असेल, असं समजून ती स्वयंपाकघरात गेली.

गफूरने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, गन उचलली आणि टबात उतरला. दोन्ही पाय पाट्याच्या दोन बाजूंना ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गुडघ्याखाली बोटभर जागेत काहीतरी चुरचुरलं. पायजम्याची घडी आवळली असेल म्हणून त्याने ती वर ओढली.

मग तो सगळं विसरला. टॉर्च साबणदाणीवर आडवी ठेवली. डाव्या कोपऱ्यातून सिलिकॉन सोडायला सुरुवात केली. भिंत मधे जरा पोटात गेली होती, तिथे हात सावकाश केला. पुढे टबाचा काठ उचलला होता, तिथे गन आडवी धरली. घामाच्या धारा लागल्या. एकही थेंब सांध्यात पडू नये म्हणून तो खांद्याला कपाळ पुसत होता. उन्हाळाच तसला, असं त्याला वाटलं. मग बोट साबणात बुडवलं आणि श्वास रोखून, चमकेवर डोळे ठेवून, बोट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नेलं. चमक कुठेही मोडली नाही. दुसरी भिंत केली, तिसरी केली. कोपरे पुन्हा भरले. घाई केली नाही. पाऊण तास तरी तो त्या टबात उभा होता.

संपलं तेव्हा त्याने टॉर्च हातात घेऊन तिन्ही भिंती बघितल्या. सांधा सुरेख झाला होता. दहा वर्षांपूर्वीच्या बोटाने केला असता तसाच. छातीत काहीतरी सैल होईल म्हणून गफूर वाट बघत थांबला. काही झालं नाही. नुसतं कळलं, की आपण पैज जिंकलो.

तो टबातून बाहेर आला आणि दाराशी पसरलेल्या दुसऱ्या गोणपाटावर पाय पुसले.

शांतीबाईने काठी खाली टाकली. ती उठायला गेली, गुडघ्यांनी उठू दिलं नाही, तिथूनच तिने सीमाला हाक मारली. गफूरला वाटलं म्हातारीला काही झालं. सीमा धावत आली, आणि आली ती म्हातारीकडे नव्हे तर त्याच्या पायांकडे बघत थांबली. मग गफूरनेही बघितलं. दोन्ही पाय गुडघ्याखालपर्यंत लालबुंद झाले होते. डाव्या घोट्याची कातडी गोणपाटाला लागून पुढे सरकली होती. त्याने वाकून नीट बघितलं. पाय त्याचेच होते, कारण दुसरं कुणी तिथे उभं नव्हतं.

सीमाने टबात हात घातला आणि लगेच काढला. तिचा चेहरा उतरला. तिने नळाचं गार पाणी बादलीत आणलं, त्याला खुर्चीवर बसवलं, पायांवर पाणी ओतत राहिली. माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं, असं ती पुटपुटत होती. पण तू विचारलंस की, असं गफूर म्हणाला. थोडं गरम होतं, कामाच्या नादात कळलं नाही, असंही म्हणाला.

शांतीबाई हे सगळं ऐकत होती. दुखण्यातलं त्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ती सुनेला म्हणाली, जरा मलम आण. सीमा आत गेल्यावर म्हातारी गफूरकडे वळली.

"मिस्तरी, त्या पानीमा मी बोट ठी सकत नही. तुम्ही पाऊण तास उभा व्हतात. तुम्ही काबर वरडनात नही?"

गफूरने सांध्याकडे बघितलं. उद्यापर्यंत पाणी काढायचं नाही, पाटा हलवायचा नाही, आणि मी बाहेर आलोय तेवढ्या वजनाचे दगड लगेच पाट्याशेजारी ठेवायचे, असं त्याने तिला सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याची गफूरला भीती वाटली. दोन वर्षांत इतकं लख्ख त्याला काहीच वाटलं नव्हतं.

शेतातून धावत आलेल्या हेमकांतने त्याला गाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. तो केळीच्या गाडीसाठी परत गेल्यावर जाकीर तिथे आला. कसं झालं, असं त्याने विचारलं, तेव्हा बादली कलंडली असं गफूरने सांगितलं. दोन्ही पायांना गुडघ्याखालपर्यंत पट्ट्या बांधून तो घरी आला. जखम भरायला वेळ लागेल, साखरेमुळे जास्तच लागेल, जपलं नाही तर पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरने जाकीरला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेतलं तरी गफूरला ऐकू येत होतं. कान चांगले होते.

अख्तरबानोने पट्ट्या बघितल्या, बादलीची गोष्ट ऐकली, आणि चुलीकडे गेली. तिचा त्या बादलीवर विश्वास बसला नव्हता. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ठेच लागली तरी आई आठवावी अशी बोंब मारली होती, आणि आता कातडी गेली तरी तो उशीला टेकून पंख्याकडे बघत होता.

सव्वा महिन्याने एका संध्याकाळी सीमाचा फोन आला. जाकीरने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. दुसऱ्या दिवशी पाणी काढलं, पाटा आणि दगड काढले, परत भरलं, आणि तेव्हापासून सासूबाई रोज अर्धा तास बसतात, सीमा सांगत होती. फरशी कोरडी आहे. भिंतीला हेमकांतने कोरा कागद चिकटवून ठेवलाय, तो तसाच कडक आहे. सासूबाई आज काठी न घेता ओट्यापर्यंत गेल्या. मग तिने चाचांचे पाय कसे आहेत म्हणून विचारलं. बरे आहेत, असं जाकीरने सांगितलं आणि फोन ठेवला.

तो खाली बसला. पट्टी बदलायची वेळ झाली होती आणि हे काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. त्याने बापाचा डावा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडवायला लागला. मान खाली घालूनच तो म्हणाला की अब्बा जिंकले, आता दुकानाची गोष्ट तो काढणार नाही, पाय बरे झाले की खुशाल कामाला जा. बोलताना त्याला आनंदच झाला होता. बापाचं नाव राहिलं, याचा खरा आनंद. तो गफूरला दिसत होता, आणि तोच सोसवत नव्हता. पट्टीचा शेवटचा थर जखमेला चिकटून बसला होता. जाकीरने जपून, फुंकर घालत, एक एक धागा सोडवायला सुरुवात केली. धागा निघताना खालचं लाल मांस दिसायचं आणि जाकीरच आवाज करून श्वास आत ओढायचा.

"अब्बा, दुखस का?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर पोराने हात आणखी हलका केला असता, आणि उद्या-परवा गफूर पुन्हा गन घेऊन कुणाच्या तरी न्हाणीत उभा राहिला असता. त्याला हो म्हणायचं होतं. दुखावं म्हणून तो मनातल्या मनात जखमेकडे गेला, तिथे काही आहे का ते धुंडाळून आला. तिथे काही नव्हतं.

"नही," तो म्हणाला. "नही दुखत. बादली नही कलंडनी, बेटा. मी सोताच उतरनू त्या पानीमा, माले समजनंच नही. हातले बी समजत नही. दोन वरीस व्हई गयात."

जाकीरने वर बघितलं. दारात अख्तरबानो उभी होती, तिच्या कडेवर तमन्ना. गफूर डोळे मिटून उशीला टेकला. आता पोरगा ओरडेल, किंवा रडेल, किंवा उठून जाईल, असं त्याला वाटलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आपला पाय अजून जाकीरच्या मांडीवर आहे की त्याने खाली ठेवून दिलाय, हे बघायला गफूरला डोळे उघडावे लागले.